हात मागं

तेरखेड्यात शोभेची दारू करणाऱ्या घरांत एखादा तरी भाजलेला हात असायचाच. ताहेराबीच्या घरात तो तिच्या नवऱ्याचा, जैनोद्दीनचा होता. कळंबच्या डॉक्टरांनी जखम भरून दिली, पण बोटं आखडली ती आखडलीच. लोक म्हणाले, नशीब! नशिबाचं ऐकून घेणारी बाई ती नव्हे. रोज कोमट तेलानं बोटं मोकळी करून तिनं त्याचंच काम त्याच्यापुढं मांडलं. आधी नुसता कागद गुंडाळायचा, मग फटाक्याची नळी वळायची, मग सुतळी आवळायची. जैनोद्दीन पुन्हा कामाला बसला आणि बाईचं नाव पंचक्रोशीत झालं.

निजामाच्या राज्यात या कामाला ना नाव होतं ना पगार. तरी डॉक्टर रोगी धाडत राहिले. ताहेराबी आल्याआल्या विचारी, "काम कंचं करत होतास?" मग शिंप्याच्या हातात सुई, गुराख्याच्या हातात दावं. उगाच मूठ उघड-मीट करायला लावणं तिला पोरखेळ वाटे.

शेजारची दगडाबाई तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. ती हे सगळं तिच्याकडं शिकली. तेल किती जिरवायचं, दुखलं तर कुठं थांबायचं, सगळं तिला चटकन आलं. एकच येईना. रोग्याच्या हातून सुई पडली, की हिचा हात आधी पुढं.

"हात मागं!" ताहेराबी कडाडायची. "लई कळवळ्याची! त्याची सुई तू उचललीस, तर तो काय उचलील?"

अशात डॉक्टरांचा निरोप आला. दवाखान्यात कायमची राहून रोग्यांना आणि तिथल्या बायकांना शिकवील अशी कोणी हवी होती. ताहेराबी आता म्हातारी, गुडघे गेलेले. धाडायची तर दगडाबाईच. पण ही अशीच गेली, तर रोगी लाडावून लुळे राहतील आणि आपली सारी विद्या मातीत जाईल, या धास्तीनं म्हातारीची झोप उडाली. तिनं उत्तरच दिलं नाही.

त्यातच ती अंगणात घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाडाला बांधलेल्या बांबूच्या खपाट्या सुटल्या तेव्हा मनगट पार ताठलेलं. दगडाबाईनं तिच्यापुढं काथवट ठेवली, ज्वारीचं पीठ घातलं आणि समोर बसली.

पहिली भाकरी उचलतानाच फाटली. दुसरीही फाटली. ताहेराबी कळवळली, "जरा कड धर की गं."

"न्हाय, खाला."

"म्या तुला हाताला धरून शिकवलं, अन् तू बघत बसतीस? काळीज हाय का धोंडा?"

"थापा, खाला. तुमचाच हात हाय, तुमीच थापा."

ताहेराबीचा पारा चढला. चांगलं खडसावावं म्हणून तिनं मान वर केली. दगडाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. हनुवटीवरून पदरावर टपकत होतं. पण ती ते पुसत नव्हती. दोन्ही हात तिनं पाठीमागं एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले होते.

म्हातारीची छाती अभिमानानं भरून आली. आपण घडवली ही! तिनं दात आवळून पुन्हा पीठ मळलं. तिसरी भाकरी जाड झाली, कडेला चिरली, पण अख्खी तव्यावर पडली.

ती भाजून ताहेराबीनं त्याच हातानं मोडली आणि अर्धी दगडाबाईपुढं धरली.

"घे, आता हात पुढं कर. खा. अन् सकाळी कळंबची गाडी धर."