सुट्टीच्या दिवशीचं कुलूप

नोकरीला लागून पुरता महिनाही झाला नव्हता आणि मी एक मेच्या सकाळी डबा घेऊन कंपनीच्या गेटवर हजर झालो. आदल्या संध्याकाळी बायकोने विचारलं होतं, "उद्या सुट्टी असेल ना?" त्यावर मी सगळं माहीत असलेल्या माणसाच्या आवाजात म्हणालो होतो, "खासगी कंपनीत कसली आलीय सुट्टी?" यातली गंमत अशी की मी लागलो होतो टाइम ऑफिसात. कामगारांच्या हजेऱ्या, रजा आणि सुट्ट्या बघणं हेच माझं काम.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली ती गल्ली एरवी टेम्पोंनी गच्च असते. त्या दिवशी तिथे दोन कुत्री आणि मी. आणि गेटपाशी एक गृहस्थ. पांढरा इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेल्या चपला. गेटचं कुलूप मुठीत धरून ते हलवत होते. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, मग खाली एक जोराचा हिसका. समाधान झाल्यावर वळले.

"बंद शे," ते म्हणाले. मग माझा चेहरा पाहून त्यांनी मला समजेल असं केलं, "बंद आहे. घरी जा, भाऊसाहेब."

"हो, माहितीय ना," मी म्हटलं. "मी आपला सहज इकडून चाललो होतो."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "डब्याला फिरवायला आणलं का?"

ही आमची पहिली भेट. ते प्रेस शॉपमधले जुने कायम कामगार. मूळचे देवळ्याकडचे, राहायला सिडकोत. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले मॅनेजरसाहेबही काकाच म्हणत, आणि त्यात आदर किती नि धास्ती किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

कुलूप लावल्यावर हलवून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी स्वतः जिन्यावरून परत जाऊन बघतो. पण दुसऱ्याने लावलेलं कुलूप हलवायला सकाळी इस्त्री करून जाणारा माणूस मी हा एकच पाहिला. सव्वीस जानेवारी असो, गांधी जयंती असो की दसरा असो, ज्या दिवशी भरपगारी सुट्टी त्या दिवशी काका गेटवर. मी येण्याच्या आधी कधीतरी मालकाने सुट्टीच्या दिवशी अर्धं शटर उघडून लोकांना कामावर घेतलं होतं. तेव्हापासून ही सवय.

"बोर्डावर लिहिलं म्हणजे सुट्टी झाली असं नसतं," ते म्हणत. "बघून यावं लागतं."

कुलूप बघून झालं की ते आमच्याकडे चहाला येत. आमचं घर वाटेतच. बायको त्यांना पहिल्या दिवसापासून मानायची, कारण त्या एक मेला मी परत आल्यावर तिला जे बोलायचं होतं ते त्यांनी आधीच बोलून टाकलं होतं.

काकांचं एक वाक्य आमच्या कंपनीत म्हणीसारखं चाले. "सुट्टी मागायची नसते, कळवायची असते." कोणाचा रजेचा अर्ज असला की तो आधी काकांच्या हातून जायचा. "सविनय विनंती", "कृपा करून", "आपला आज्ञाधारक" असले शब्द ते पेन्सिलीने खोडत. शेवटी कागदावर नाव, तारीख आणि "रजेवर आहे" एवढंच उरे. मॅनेजरसाहेबांनी एकदा असा अर्ज माझ्यासमोर फडकवला. "हा अर्ज आहे की नोटीस?"

"साहेब, माणूस आजारी आहे," मी म्हटलं.

"ते कळतंय. मला वाटलं मलाच रजेवर पाठवलंय."

कायद्याचं मात्र काकांना फार काही पाठ नव्हतं. कलम विचारलं की म्हणायचे, "कलम मला ठाऊक नाही. कलम ठाऊक असणाऱ्या वकिलाला मी ओळखतो." तो वकील आम्ही कोणी कधी पाहिला नाही. मॅनेजरसाहेबांनीही नाही, आणि तेवढ्यावर बरीच कामं होऊन जात. पॅकिंगला पेठकडची एक बाई होती. तिला कावीळ झाली. सुपरवायझर म्हणाला, उद्यापासून येऊ नको, दुसरी बघतो. काकांनी तिला स्कूटरवर घालून विम्याच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणलं आणि सुपरवायझरच्या टेबलावर ठेवलं. "आजारी माणसाला काढता येत नाही. बरी झाली की इथेच उभी राहील." ती राहिलीही.

डिसेंबरात पुढच्या वर्षीच्या सणांच्या सुट्ट्या ठरत. चार राष्ट्रीय सुट्ट्या ठरलेल्या, बाकीचे सण कामगारांनी निवडायचे. जुन्या नाशकातल्या पोरांना रंगपंचमी हवी, कारण तेव्हा तिकडे रहाडी, म्हणजे रंगाचे जुने दगडी हौद, उघडतात आणि त्या रंगात उडी न मारलेला माणूस वर्षभर कोरडाच समजला जातो. वेल्डिंगच्या चाचांना ईद हवी. काकांना हवी असायची आखाजी. तुम्ही अक्षय्य तृतीया म्हणता ती. देवळा-सटाण्याकडे तो लेकींचा सण. झाडाला झोके बांधतात, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. काकांना दोन मुली. दर वर्षी ते आखाजीचं नाव घेत आणि दर वर्षी हात वर करायची वेळ आली की स्वतःच रंगपंचमीला हात वर करत.

"काका, तुमची आखाजी?" मी विचारायचो.

"पोरी रात्री राहतातच की," ते म्हणायचे. "आणि ह्यांचा रंग दुपारी संपतो."

"मग हक्काची रजा टाका एक दिवस."

"ती आजारपणाला ठेवलीय."

"कोणाच्या?"

"येईल की कोणाच्या तरी."

पुढे ठेकेदार आला. एक कायम माणूस रिटायर झाला की त्याच्या जागी ठेक्याचे दोघे दिसत. त्यांची हजेरी माझ्याकडे नव्हती, ठेकेदाराचा माणूस फोनमध्ये घ्यायचा. त्यांना आजारपण परवडत नसे आणि सण कळवले जात नसत. काकांनी जेवणाच्या वेळी त्यांना जमवून सांगितलं, "ठेकेदाराचा माणूस झाला म्हणून काय झालं? पंधरा ऑगस्ट त्याचाही असतो. त्याचाही पगार धरावा लागतो." सुरगाण्याचा एक जण फार मन लावून ऐकत होता. "खरंच का काका?" असं त्याने दोनदा विचारलंही. दुसऱ्या दिवशी तो नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. ठेकेदार म्हणाला, गावाला गेला असेल.

काका त्यानंतर ठेक्याच्या लोकांशी हवापाण्याचं बोलू लागले. एकदा चहा घेताना मला म्हणाले, "सांगितलं तर त्याचं काम जातं. नाही सांगितलं तर माझी झोप जाते." बायकोने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. त्यांनी तो प्यायला नाही.

पंधरा ऑगस्टला मुलीच्या शाळेतलं झेंडावंदन उरकून मी त्यांच्याबरोबर गेटवर गेलो होतो. त्यांनी कुलूप हलवलं. उजवीकडे, डावीकडे, खाली हिसका. मग हात तसाच कुलपावर ठेवून ते उभे राहिले.

"ऐका," ते म्हणाले.

मला आधी काही ऐकू येईना. मग आलं. लांबून, जमिनीतून आल्यासारखं. एक उसासा आणि एक ठोका. उसासा आणि ठोका.

"ते माझं मशीन."

काकांचं मशीन म्हणजे जुना पॉवर प्रेस, पत्र्यावर ठोका मारून भोकं पाडणारा. एरवी कंप्रेसरच्या घरघरीत तो शॉपच्या बाहेर ऐकू येत नसे. आम्ही कंपाउंडला वळसा घालून मागे गेलो. मागचं शटर कमरेइतकं वर होतं. वॉचमन स्टुलावरून उठला. "काका, माझ्याकडे नका बघू. मला उघड म्हटलं, उघडलं." पुढच्या गेटचं कुलूप किती वर्षं खरं बोलत होतं आणि किती वर्षं नाही, हे विचारायची आम्हाला दोघांनाही हिंमत झाली नाही.

काका वाकले. आत त्यांच्या जागेवर ठेक्याचा एक जण उभा होता. मला वाटलं, आता हे ओरडणार. मी एक पाऊल मागेही सरलो. ओरडले ते खरंच.

"ए भाऊ, उजवा हात मागे घे. ते मशीन कधी कधी डबल मारतं."

त्याने दचकून हात मागे घेतला. काका थोडा वेळ तसेच वाकून त्याचं काम बघत राहिले, मग गुडघ्यावर हात टेकून उठले. त्या दिवशी ते चहाला आले नाहीत.

त्या हिवाळ्यात त्यांना खोकला लागला. शर्ट खांद्यावरून उतरल्यासारखा दिसू लागला. पट्ट्याला त्यांनी स्वतःच खिळ्याने नवं भोक पाडलं, नंतर आणखी एक. डॉक्टरांनी फुप्फुसाचं दुखणं सांगितलं, सक्त विश्रांती सांगितली. काका रोज कामावर.

आमच्याकडे आले तेव्हा बायकोने त्यांना फैलावर घेतलं. "काका, दुसऱ्यांना स्कूटरवर घालून नेता. तुमच्यासाठी कोणी स्कूटर आणायची?"

"ताई, घेईन ना रजा."

"कधी? तुम्हाला काढता येत नाही म्हणता ना आजारपणात?"

"मला काढता येत नाही," काका म्हणाले. "मशीन हलवता येतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तर रजांचा जाणकार. मी कपबशा गोळा करायला लागलो. त्यांचं म्हणणं साधं होतं. ते जागेवर उभे आहेत तोवर तो प्रेस कंपनीचा आणि ती जागा कायम कामगाराची. ते हलले की प्रेस ठेकेदाराकडे, आणि पाठोपाठ शॉपमधले उरलेले चार कायम लोक घरी.

एके दिवशी ते प्रेसपाशीच खाली बसले. उठता येईना. रिक्षात बसवताना मला म्हणाले, "लिहा रजा." एवढंच. मी लिहिली.

कायदा सगळा पाळला गेला. काकांचं नाव मस्टरवर राहिलं, आजारपणाचे पैसे विम्यातून मिळत राहिले, त्यांना कोणी काढलं नाही. फक्त दुसऱ्याच आठवड्यात क्रेन आली आणि प्रेस उचलून भिंतीपलीकडे ठेकेदाराच्या शेडमध्ये ठेवला. ते शेड माझ्या खिडकीला लागूनच.

काका तोवर गावी गेले होते. एका रविवारी मी आणि बायको मोटरसायकलवर त्यांना भेटायला गेलो. चांदवड मागे टाकल्यापासून मी मनात वाक्यं जुळवत होतो. खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही, असं काहीतरी हवं होतं. ते कांद्याच्या चाळीच्या सावलीत खाटेवर पडले होते. काकूंनी पाणी दिलं. मुलांच्या शाळा झाल्या, नाशिकचं ट्रॅफिक झालं.

"माझं मशीन?" काकांनी विचारलं.

"चालू आहे," मी म्हणालो. वाक्य तयारच होतं. आणि ते आणखी पक्कं करायला मी पुढे म्हणालो, "रोज आवाज येतो."

"तुमच्या टेबलापर्यंत?"

"हो, अगदी स्पष्ट."

काका माझ्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या मशीनचा आवाज टाइम ऑफिसपर्यंत कधीही आला नव्हता. हे माझ्या ध्यानात आलं तोवर वेळ निघून गेली होती.

"बाजूच्या शेडात नेलं वाटतं," ते हळूच म्हणाले.

बायको काकूंना म्हणाली, चला, मी चहाला मदत करते, आणि आत गेली. मी चाळीतल्या कांद्यांकडे बघत बसलो.

"असू द्या, भाऊसाहेब," काका म्हणाले. त्यांनी उशी मानेखाली नीट सरकवली आणि पाय लांब केले. "मग आता रजा घ्यायला हरकत नाही."

त्या वर्षी त्यांच्या मुली आखाजीच्या आधीच माहेरी आल्या. आम्ही काही जण रजा टाकून गावी जाऊन आलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीत शोकसभा झाली. मॅनेजरसाहेब मनापासून बोलले. "अशी हजेरी आजकाल बघायला मिळत नाही. माणसाने कधी स्वतःसाठी रजा घेतली नाही," ते म्हणाले. काही नव्या लोकांनी माना डोलावल्या. मग सगळे दोन मिनिटं उभे राहिले. कंप्रेसर बंद केला होता, त्यामुळे भिंतीपलीकडचे ठोके नीट मोजता येत होते.

घरी आल्यावर मी बायकोला हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"सभा कधी घेतली?" तिने विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीत."

तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"म्हणजे ती दोन मिनिटंसुद्धा लोकांनी आपल्या जेवणातली काढली," ती म्हणाली.