श्रमदानाची कोयती

मुख्याध्यापकांनी माझं दप्तर टेबलावर उपडं केलं. वह्या, कंपास, भाकरीचा डबा. आणि आईच्या जुन्या साडीच्या चिंधीत गुंडाळलेली कोयती.

"हे काय आहे?" सर म्हणाले.

कोयती. दुसरं काय असणार! मंडणगड तालुक्यात जन्म गेला आणि सरांना कोयती ओळखू येत नव्हती?

शेजारी शाळा समितीचे अध्यक्ष बसले होते. त्यांनी ती चिंधी दोन बोटांनी उचलून बाजूला टाकली आणि बोटं रुमालाला पुसली. मी बघत होते. मी नववीत होते.

कोयती शाळेनेच मागवली होती. पावसाळा सरला की आमच्या मैदानात कमरेइतकं गवत होतं. मग श्रमदान. आदल्या दिवशी आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, 'ज्यांच्या घरी असेल त्यांनी कोयती आणावी.' वीसेक जणांनी आणल्या. धोकादायक निघाली ती एकच, माझी.

गवत कापताना अध्यक्षांचा मुलगा मागे येऊन उभा राहिला. "गवत झालं की संडास पण धू. बौद्धवाडीला सवय आहे." पोरं खिदळली. मी वळले. हातात कोयती होती. "परत बोललास तर जीभ कापीन."

बोलले म्हणजे बोलले. नाकारत नाही. हात उगारला नाही, पाऊल पुढे टाकलं नाही. पण शब्द माझेच.

बाई मला जीव लावायच्या. माझं अक्षर चांगलं म्हणून फळ्यावरचा सुविचार माझ्याकडूनच लिहून घ्यायच्या. त्यांनी मला व्हरांड्यात नेलं. "हे बघ, आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, कायदाच आहे तसा. तू नववीत आहेस. चूक कबूल करून टाक. बाकी मी सांभाळते." त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. 'मी वर्गमित्राला कोयतीने मारण्याची धमकी दिली. मला पश्चात्ताप होत आहे.' खाली सही. अक्षर अगदी सुविचारासारखं सुबक काढलं. काय मूर्ख होते मी!

संध्याकाळी आईला सांगितलं. बाबा मुंबईला, आई आंब्याच्या बागेत कामाला. तिला सही येते, वाचता येत नाही धड. तिने एवढंच विचारलं, "आणि त्यानं काय केलान, ता लिवलंस काय?"

नव्हतं लिहिलं. बाईंनी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना बोलावलं. सरांनी माफीनामा पुढे केला. "मुलीने स्वतः लिहून दिलंय." त्याच्या शेजारी दुसरा कागद. आईच्या नावाने अर्ज. घरगुती अडचणीमुळे मुलीचा दाखला मिळावा. अक्षर बाईंचं. पाचवीपासून मी तेच अक्षर गिरवत आले होते, लगेच ओळखलं.

बाई खिडकीशी उभ्या होत्या. "बाई, सांगा ना. कोयती तुम्हीच आणायला सांगितलीत." बाईंनी खिडकीचं दार ओढून घेतलं.

एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीनंतर याच मुलाने वर्गाच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'पुढच्या वर्षी वाजवलंत तर वाडी पेटवू.' मी बाईंना दाखवलं, बाईंनी सरांना. सर म्हणाले होते, "पोरं आहेत, मस्करी करतात." त्याच्याकडून माफीनामा नाही. पालकांना बोलावणं नाही. धमकी देणाऱ्या मुलांसाठी नियम असतो म्हणे. असेल! तो एप्रिलात कुठे झोपला होता?

सरांनी आईच्या हातात पेन दिलं. आईने माझ्याकडे बघितलं. "काय लिवलाय?"

मी मोठ्याने वाचलं. सगळ्यांसमोर.

आईने पेन खाली ठेवलं. "आमची काय अडचण नाय."

मग मी कोरा कागद ओढला. आधी एप्रिलातली ओळ. मग फळ्यावरची सूचना. मग संडासाची ओळ. मग माझी, जशी बोलले तशी. कागद घेऊन क्लार्ककडे गेले. "आवक नंबर घाला आणि पोच द्या." त्यांनी सरांच्या केबिनकडे बघितलं. मी हललेच नाही. तासाभराने शिक्का मिळाला.

व्हरांड्यात बाईंनी गाठलं. "माझ्यावर विश्वास ठेवायचा होतास गो."

"ठेवला होता, बाई. म्हणून तर लिहून दिलं."

दाखला आम्ही मागितला नाही, त्यांनीही मग विषय काढला नाही. दहावी त्याच शाळेत केली. बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही. सुविचार मी परत लिहिला नाही. बाईंना माफ केलेलं नाही, करणारही नाही.

तो माफीनामा अजून शाळेच्या फायलीत आहे, माझा शिक्क्याचा कागद त्याला जोडलेला नाही. त्यातली माझी ओळ खोडा, असं मी म्हणणार नाही. पण तिच्या आधी त्याची ओळ लागली पाहिजे. ती लागेपर्यंत मी अर्ज करत राहणार. आणि प्रत्येक अर्जाची पोच घेणार.