मशीनच्या पोटातलं तिकीट

आमचे तोताराम नाना पाचोरा डेपोला कंडक्टर होते. नोकरी संपली, पण त्यांच्यातला कंडक्टर काही घरी बसला नाही, माझ्या गाडीत बसले तरी मागे वळून "बठ्ठा बसनात का?", म्हणजे सगळे बसले का, असं विचारल्याशिवाय मला निघू देत नाहीत. एक मात्र खरं. तिकिटाचं मशीन बिघडलं म्हणून पैसे दिलेल्या प्रवाशाला त्यांनी कधी खाली उतरवलं नाही. मी त्यांची पुतणी, रत्ना. भडगावला शाळेत शिकवते.

दीपमाला ही नानांची एकुलती एक. काकू गेल्यावर तिच्या वेण्यासुद्धा त्यांनीच घातल्या. तिचा साखरपुडा बोदवडला, मुलाच्या घरी होता. जाताना जळगावात तिची साडी ताब्यात घ्यायची, म्हणून मी गाडी एका संकुलाच्या तळघरात लावली. तिथलं पार्किंग खाजगी.

आम्ही तिघं साडी घेऊन आलो आणि निघायच्या वाटेवरच्या मशीनमध्ये नानांनी उतरून तिकीट सरकवलं. मशीननं ते ओढून घेतलं, पन्नासचा आकडा दाखवला आणि काळं पडलं. शेजारी पैसे भरायचा क्यूआर चिकटवलेला होता. नानांनी फोन काढला आणि एक्कावन्न भरले.

"नाना, पन्नासच आहेत," मी म्हटलं.

"साखरपुडाले निंघनूत ना आपण? शून्यवर कोनी पैसा देस का?"

आडवा दांडा हलला नाही. सुपरवायझर आला, फोन बघितला आणि मान हलवली. "काका, आमचे पन्नास. हे एक्कावन्न आमच्याकडे दिसतच नाहीत. तिकीटही नाही. तिकीट हरवल्याचा दंड पाचशे."

"हरायनं नही. तुम्हना मशीनना पोटमा शे. उघडा."

"चावी कंपनीच्या माणसाकडे असते. तो धुळ्याहून सोमवारी येईल."

पुढे दांडा, एका बाजूला खांब, मागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्या. मला मागेही सरकता येईना. त्या कोंदट तळघरात माझा जीव गुदमरायला लागला आणि त्या माणसाच्या शांतपणाचा भयंकर राग आला. उलटा चोर कोतवालाला दटावतो, ते हे असं. मी भांडले. नानाही हटेनात. पैसे भरलेला माणूस दंड देत नाही, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

तेवढ्यात बोदवडहून दीपमालाच्या होणाऱ्या सासऱ्यांचा, बन्सीलालभाऊंचा फोन आला. गुरुजी घाई करत होते. दीपमाला मांडीवरची साडीची पिशवी चुरगळत राहिली. नानांनी तिच्याकडे पाहिलं आणि खिशात हात घातला.

पाचशे देऊन भागलं नाही. सुपरवायझरनं वही पुढे केली. त्यात लिहिलं होतं, तिकीट माझ्याकडून हरवले, मशीन सुरू होते. नानांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी सही केली. दांडा वर गेला.

बोदवडला सगळे ताटकळले होते. "एवढा उशीर?" बन्सीलालभाऊंनी विचारलं. दीपमाला सांगायला लागली, तर नानांनीच तिला अडवलं. "पार्किंगचं तिकीट माझ्याकडून हरवलं." पोरीचा बाप ऐन साखरपुड्याच्या दिवशी एवढ्याशा पैशांवरून भांडत बसला, असं व्याह्यांना वाटू नये म्हणून. सगळे हसले. बन्सीलालभाऊ म्हणाले, "कंडक्टरचंच तिकीट हरवलं म्हणायचं." नानाही हसले. मी हातातला पेढा ताटलीत परत ठेवला.

नंतर मी ग्राहक मंचात तक्रार लिहून काढली. पैसे गेल्याचा मेसेज होता, साक्षीला मी होते. सहीचं काय ते बघू म्हटलं. कागद घेऊन नानांकडे गेले. अंगणात दीपमाला पापड वाळवत होती. लग्न पंधरवड्यावर आलं होतं.

नानांनी कागद नीट वाचला आणि परत दिला.

"बठ्ठं खरं लिखेल शे. पन तठे बोदवडले मी चार लोकसम्होरे काय सांगं? आते हाई खरं ठरनं, त पोरना सासरासम्होरे मी खोटा पडसू. ऱ्हाऊ दे. मन्हाकडूनच हरायनं."

मी दीपमालाकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं. ती पापड उलटे करत राहिली, वर बघायची तिची हिंमत होत नव्हती.