नंबर नसलेला जोड

फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून मी एकतीस वर्षं काढली. आमच्या अलोण्यांच्या घरात सगळे कोर्टातले कारकून नाहीतर तहसीलमधले हेडक्लार्क. शाईखेरीज कुणाच्या हाताला काही लागलं नाही. मी, कमलाकर, तेवढा कानस धरणारा निघालो. त्याचा मला भारी ताठा होता. वर्षा आडेची गोष्ट तो ताठा वगळून सांगता येत नाही, म्हणून आधीच कबूल करतो.

वर्षा आर्णीकडच्या एका तांड्यावरची. वडील हिरासिंग, आई रुपीबाई, घरी कापूस आणि तूर. दहावीनंतर ती आमच्या आयटीआयमध्ये आली, वीस पोरांत एकटी मुलगी, नंबर सतरा. प्रवेशाच्या दिवशी मी तिला शिवणकामाचा ट्रेड सुचवला. ती म्हणाली, "नाही सर. खाणीत मशीनी बसवतात, दुरुस्त करतात, ते शिकाचं हाय मले." तिचा मामा राजूरला कोळशाच्या खाणीत होता. सुटीत त्याच्याकडे गेली की ही तिथल्या वर्कशॉपच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची.

फिटरचे पहिले महिने म्हणजे लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि कानशीने घासत राहायचं, तो सपाट आणि काटकोनात येईस्तोवर. पोरं कंटाळतात. वर्षा कंटाळली नाही, पण ती डावखुरी होती. पहिल्याच आठवड्यात मी तिची कानस काढून उजव्या हातात दिली. आमचे बाक उजव्या हातासाठी मांडलेले, मलाही तसंच शिकवलेलं, मग हिचे वेगळे लाड कशाला? "डावा हात दिसला तर वर्कशॉपच्या बाहेर," असं बजावलं. तिने मान हलवली. तिचं काम पुढे बेताचंच राहिलं. मी शेरा लिहिला : मेहनती आहे, पण हातात कला नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जोडाचं काम असतं. एका प्लेटमध्ये चौकोनी खाच आणि तिच्यात बसणारा चौकोन, दोन्ही कानशीने करायचे. मग जोड बसवून खिडकीकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की तेवढी चूक. मी होकार दिल्यावर शिकणाऱ्याने आपल्या नंबराचा ठसा त्यावर ठोकायचा. नंबर नसलेलं काम आमच्याकडे कुणाचंच नसतं.

वर्षाचा जोड मी खिडकीकडे धरला. उजेड नाही. चौकोन काढून चारही बाजूंनी फिरवून बसवला, तरी नाही. मला स्वतःला असा जोड जमायला चार वर्षं लागली होती.

"कुठून आणला? मामाच्या वर्कशॉपमधून?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"मीनंच केला, सर."

"मग आत्ता घासून दाखव."

तिने माझ्याकडे पाहिलं, कानस उजव्या हातात घेतली आणि घासू लागली. काम वाकडं आलं. मी म्हटलं, "चोर ती चोर, वर खोटं बोलते." दोन-तीन पोरं हसली. तिने डाव्या हाताचं नावसुद्धा काढलं नाही. कसं काढणार, मीच बंदी घातलेली. मी तिला नंबर ठोकू दिला नाही, परीक्षेलाही बसू दिलं नाही. जोड पुरावा म्हणून कपाटात टाकला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

दसऱ्याच्या सुमारास नव्या बॅचला चोरीचं काम कसं असतं ते दाखवायला मी तो जोड बाहेर काढला. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, आणि त्या उन्हात कानशीच्या शेवटच्या हाताच्या बारीक रेघा दिसल्या. आमच्या सगळ्यांच्या रेघा एका बाजूला कलतात. या दुसऱ्या बाजूला कललेल्या होत्या. मी नसताना ती डाव्या हाताने काम करत होती. मी वाक्य अर्ध्यात सोडलं, डोळ्यात कचरा गेला म्हणालो आणि बाहेर गेलो. पोरांना खरं काय ते सांगितलं नाही.

रविवारी तिच्या तांड्यावर गेलो. सोयाबीनची कापणी तोंडावर आलेली, आणि वर्षा ओट्यावर बसून तांड्यातल्या बायांच्या विळ्यांना कानशीने धार करत होती. डाव्या हाताने. मी पाहत राहिलो. तो हात कसा सरळ चालत होता. मला माझी लाज वाटली.

रुपीबाईंनी, वर्षाच्या याडीने, चुलीवरचा चहा दिला. मी म्हणालो, "माझं चुकलं, वर्षा. माफ कर."

तिने विळा खाली ठेवला. "चोर म्हनलं ते वीस पोरांसमोर, सर. आन् माफी इथं याडीच्या चुलीपाशी मांगता?"

हिरासिंग हळूच म्हणाले, "बाई, सर घरी आले हायेत."

"येईन मी," ती म्हणाली. "पन डाव्या हातानं करीन."

ती आली, डाव्या हाताने पास झाली. पुढे एक वर्ष खाणीच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस होती. पंपाची बेअरिंगं बदलली, कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचे रोलर बसवले. पण कायम नोकरीची भरती आधीच्या वर्षी निघून गेली होती. तिच्या बॅचमधले दोघं तीत लागले, ते हसणाऱ्यांपैकीच. तिला पाहिजे असलेली खाण माझ्यामुळे हुकली. मग मुकुटबनकडच्या कारखान्यात तिने पाच वर्षं पाळ्या केल्या, वर्षभराचं निदेशकाचं प्रशिक्षण घेतलं, आणि गेल्या वर्षी आमच्याच शॉपमध्ये निदेशक म्हणून रुजू झाली.

ज्यांच्यासमोर माफी मागायची ती जुनी पोरं आता कुठे शोधू, असं मी नऊ-दहा वर्षं स्वतःला सांगत आलो. जोडाला तेवढं दरवर्षी तेल लावत होतो.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी वर्षाने तो मागितला आणि आपल्या बॅचपुढे बाकावर ठेवला. "कोणाचं काम आहे, सांगा. आधी रेघा पाहा."

पोरं वाकली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, डावखुऱ्याचं आहे. पण याच्यावर नंबर काहून नाही?"

वर्षाने माझ्याकडे बघितलं नाही. कापडाने हात पुसत राहिली. मी खुर्चीवरून उठलो.

"हे वर्षा आडेचं काम आहे," मी म्हणालो. "मी तिला याच खिडकीपाशी, सगळ्यांसमोर चोर म्हटलं. तिने चोरी केली नव्हती. रेघा समोर होत्या, त्या मी पाहिल्या नाहीत."

वर्षाने जोड उचलून माझ्या हातात दिला. "तपासा, सर."

मी तो खिडकीकडे धरला, फिरवून फिरवून पाहिला आणि होकार दिला. तिने पेटीतून एक आणि सातचे ठसे काढले, हातोडी डाव्या हातात घेतली आणि आपला नंबर ठोकला.