अडकित्ता थांबला की

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही हा विषय गुपचूप टाळून पुढचं काय ते मागून घेतलं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण हे पोटात ठेवायचा मला आता कंटाळा आलाय.

गोष्ट पत्त्यांची आहे. हसू नका — मलाही बरीच वर्षं वाटायचं, पत्त्यांचं ते काय एवढं!

मोहाडीतल्या आमच्या घरात तीनपत्तीत माझं मोठं नाव. काहीच जुळलं नाही तर कोणीही पॅक करतं, पत्ते टाकून मोकळं होतं, आणि तीन एक्के आले तर शेंबडं पोरही चाल करतं. खरी पंचाईत मधल्या पानांची. जोडी येते — धड टाकवत नाही, धड खेळवत नाही. आणि जोडीवर चाल कधी करावी, कधी गप पॅक करावं, हे मला बरोबर कळतं अशी ख्याती. नणंदा फोनवर विचारायच्या. मीही मान डोलवत सांगायची, अंदाज लागतो बाई.

आम्ही चिंचोक्यांवर खेळायचो, पण डाव साधा नसायचा. दिवाळीत आमच्याकडे धान कापणीला आलेलं असतं. बांधावर बाया लावलेल्या, त्यांचं चहापाणी, भाकरी, भाऱ्यांवर नजर — घरात एक सून लागतेच. आम्ही जावा दोघी, मी थोरली, ललिता धाकटी. भाऊबीजेला माहेरी जाणार एकच, दुसरी जाणार गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, झाल्यावर. यावरून एकदा चांगलीच जुंपली, तेव्हा सासूबाईंनी तोडगा काढला. पाडव्याच्या दुपारी पत्ते मांडायचे, जिच्याकडे शेवटी चिंचोके जास्त, तिने जायचं. सासूबाई तिसरा हात म्हणून बसायच्या. त्यांना कुठे जायचं होतं? दोन चालींत पॅक करायच्या, मग सुपारी कातरत शेजारच्या ललिताच्या पत्त्यांत डोकावायच्या.

शेजारी म्हणजे — तिथे त्यांना मीच बसवलं होतं. ‘इथे उजेड आहे’ म्हणून.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. ललिताचे पत्ते हलके असले की अडकित्ता कर्र कर्र चालू राहायचा. भारी असले की थांबायचा. सुपारी अर्धी कातरलेली, आणि म्हातारीचा श्वास अडकलेला, जणू ती पानं त्यांच्याच हातात आहेत. त्यांना याचा पत्ताही नव्हता. ललितालाही नाही. मला होता, दुसऱ्या वर्षापासून. मला पत्त्यांतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी फक्त कान देऊन बसायची.

एवढ्यावर थांबले असते तर? तर कदाचित आज हे लिहिलंही नसतं. पण ललिता भाबडी, तिने एकदा कौतुकाने विचारलं, “तुमाले कसं समजते ताई? मले बी शिकवा ना.” आणि मी शिकवलं! म्हटलं, जोडी असली आणि समोरचीने पत्ते पाहून दोनदा चाल केली, तर शो मागून चिंचोके घालवायचे नाहीत, मुकाट्याने पॅक करायचं. हा नियम मी तिथल्या तिथे रचला होता. तिने तो अगदी गुरूचा मंत्र घ्यावा तसा घेतला.

आठ वर्षांपूर्वीची दिवाळी. शेवटचा डाव, दोघींचे चिंचोके जवळपास सारखे. माझ्या हातात नव्व्यांची जोडी. सासूबाईंनी पॅक केलं, ललिताकडे वाकल्या — आणि अडकित्ता थांबला.

म्हणजे मी हरले होते. नव्व्या टाकून द्यायच्या, एवढंच काम होतं. माझं माहेर शहापूर, हायवेवर, एसटीने तासाभराचा रस्ता. मी एरवीही महिन्याआड जायचीच. तिचं माहेर पार गोसीखुर्दकडे. जुनं गाव धरणात गेलेलं, नव्या वसाहतीत एकुलता एक भाऊ मासेमारी करून राहायचा. दोन गाड्या बदलून पोचावं लागे, वर्षातून एकदा जमलं तर जमलं. हे सगळं मला ठाऊक होतं. मग मी चाल का केली? खरं सांगू? मला हरायचं नव्हतं. आणि भावजयीसमोर नवी साडी मिरवायची होती. बस, एवढंच.

मी चाल केली, ललितानेही केली, आणि लगेच माझी पुढची चाल दुप्पट. ललिताने पत्त्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पत्त्यांकडे. सासूबाई कळवळून म्हणाल्या, “काहून टाकून राहिली वं?” पण तोवर तिने पत्ते पालथे ठेवले होते. “तुमच्याजवळ पक्कं हाय ताई. जा तुमी,” म्हणाली. हसून म्हणाली.

पॅक केलेले पत्ते पाहायचे नसतात. मी गोळा करताना पाहिले. दोन राण्या.

“काय होतं ताई?” तिने विचारलं.

“कलर,” मी म्हटलं. म्हणजे तिन्ही पानं एकाच जातीची, जोडीला मारणारी.

मंडई झाल्यावर ललिता गेली, तेव्हा तिचा भाऊ काविळीने नागपूरच्या दवाखान्यात बेशुद्ध होता. चार दिवसांनी गेला. भाऊबीजेला चांगला हिंडताफिरता होता, संध्याकाळपर्यंत फाट्यावर जाऊन गाड्या बघत होता, असं तिच्या भावजयीने सांगितलं. ते ललिताने मला सांगितलं, माझ्याच गळ्यात पडून. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची मला अजून लाज वाटते.

सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून एकाही पाडव्याला मी जिंकलेली नाही! अडकित्ताच नाही, तर मला काय कळणार, कप्पाळ? आणि ललिता माझीच समजूत घालते. म्हणते, आई गेल्यापासून तुमचं मन लागत नाही ताई. आता धान हार्वेस्टरने निघतं, दोघींनाही भाऊबीजेला जाता येतं. तिला जायला भाऊ नाही. तरी पाडव्याला पत्ते मांडते, जोडी आली आणि मी दोनदा चाल केली की अजूनही पॅक करते.

सकाळपासून हे लिहितेय. मध्ये दोनदा उठून चहा केला, दुसऱ्यांदा चक्क गुणगुणत होते. इतकं हलकं वाटेल असं वाटलं नव्हतं. ती काय म्हणेल, बोलेल की नाही, ते तिचं तिने ठरवावं. त्यात माझं काही म्हणणं नाही.

उद्या पाडवा. पत्ते वाटायच्या आधी हे कागद मी तिच्यासमोर ठेवणार आहे, उताणे.

ललिता, राण्या तुझ्याकडे होत्या. माझ्याकडे नव्व्यांची जोडी होती.