फोमची गादी आणि उद्याची सीतादही

आज सकाळी पोरानं माह्यासाठी फोमची गादी आणली. कापूस पिकवणाऱ्या घरात फोमची गादी! वरून सून गोड आवाजात म्हणे, "आई, आता मस्त आराम करा." बायांनो, मले तवापासून शंका येऊन राह्यली.

माह्या सासूची आठवण आली. सन साठ-बासष्टची गोष्ट. मी घाटंजीजवळच्या गावात नवी सून. नागपूरचा एक शिकलेला माणूस म्हाताऱ्या लोकायची माहिती घ्याले आलता. त्यानं सासूले वय विचारलं. सासू मले हळूच म्हणे, "हा वय काहून विचारते? घरातून काही न्याचं तं नसन याले?" तिनं आधी पाण्याचा पितळी गुंड आत ठेवाले लावला, मंग त्याले चहा देला.

तो म्हणे, "आजी, तुम्ही म्हाताऱ्या कधी झाल्या?"

"झालीच नाही," सासू म्हणे. "कापसाच्या पयल्या वेचणीले वावरात सीतादहीची पूजा करतो आमी. दहीभाताचं टोपलं घरची मोठी बाई नेते. ज्या साली ते सून नेईन, त्या साली ये विचाराले."

आज दुपारी जेवताना माही सून म्हणे, "आई, उद्या सीतादहीले मीच जातो. तुम्हाले ऊन लागते."

आता समजलं गादी कायले आली ते!

गादी तशीच गुंडाळून ठेवली. उद्या टोपलं माह्याच डोक्यावर राहीन.

तुमच्याही घरचे अचानक लाड करून राह्यले काय? मंग आधी पाहा, हातातून काय काढून घेऊन राह्यले.