शेवटच्या पानाचे खिळे

दामूकाकांचा छापखाना आज बंद झाला. गावातले बाकीचे छपाईवाले जमले आणि शेवटच्या पानाचे शिशाचे खिळे सोडवून एकेक अक्षर ज्याच्या त्याच्या खणात ठेवू लागले.

“अरे, सगळं मोडीतच जायचंय,” काका हसले. “भंगारवाल्याला क काय नि ख काय, सारखंच!”

“आम्हाला नाही ना सारखं,” पलीकडच्या गल्लीतल्या छापखान्याचे शिंदे म्हणाले.

खिडकीतल्या उन्हात बोटं संथ हलत होती. वाटलं, बोलून दमलेली वाक्यं पुन्हा सुटी अक्षरं होऊन झोपायला निघाली आहेत. पण आता आमच्या आंदोलनाची पत्रकं कोण छापणार? याच शिंद्यांनी ती घाबरून न छापताच परत केली होती; काकांनी छापली.

मी शिंद्यांनाच विचारलं. शिंद्यांनी हातातला खिळा पुसून खणात ठेवला.

“मजकूर आण,” ते म्हणाले. “आणि खाली मुद्रक म्हणून माझं नाव घाल.”